गांगुर्डे मॅडमची मेथी

आमच्या समुपदेशन केंद्रात एखादी बैठक किती अवघड गेली, हे फाइल वाचून कळत नसे. ते भाजीवरून कळे.

गांगुर्डे मॅडम रोज सकाळी इंदिरानगरहून सिटी बसने गंगापूर रोडला यायच्या. खांद्याला पर्स आणि हातात भाजीची पिशवी. पर्समध्ये काय असे ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. पिशवीत बहुतेक वेळा मेथी असे. मेथी नसली तर घेवडा किंवा मटार, आणि उन्हाळ्यात भाज्या जून निघायला लागल्या की सरळ तांदूळ. बैठक संपली, माणूस जिना उतरला, की मॅडम बाहेरच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरायच्या आणि निवडायला बसायच्या. त्या वेळी त्यांच्याशी कोणी बोलायचं नाही, असा नियम होता. हा नियम कोणी सांगितलेला नव्हता. त्यांचा चेहराच सांगायचा.

मी आणि माझी तरुण सहकारी तेजश्री, आम्ही दोघं या भाजीचे ज्योतिषी झालो होतो. नवरा-बायकोचं नेहमीचं भांडण असेल तर अर्धी जुडी. सासू धडधडीत खोटं बोलत असेल तर पूर्ण जुडी. बापाने मुलीची शाळा बंद केली असेल तर घेवडा, कारण घेवड्याच्या शिरा ओढून काढता येतात. आणि रडू आलंच तर कांदा. त्यासाठी टेबलाच्या खणात एक सुरी आणि दोन-तीन कांदे कायमचे मुक्कामाला असत. आपण पडलो नाशिकची माणसं. कांद्यापुढे बसून रडणाऱ्याला इथे कोणी कारण विचारत नाही.

"मॅडम, हे काय?" पहिल्याच आठवड्यात मी विचारलं होतं.

"राग हातात उतरतो, निकम. हाताला काम दिलं नाही तर तो जिभेवर चढतो. आणि आपली जीभ तर पगारी."

निवडलेली भाजी त्या घरी न्यायच्या नाहीत. आम्हाला वाटून टाकायच्या. आमच्या घरात दर आठवड्याला दोनदा मेथी होई. लोकांच्या संसारातल्या भांडणांवर माझ्या पोरांचं रक्त वाढलं, हे मी अभिमानाने सांगतो.

मॅडमची उंची पाच फुटांना दोन बोटं कमी. अंगावर सुती साडी आणि पायात मुलाचे जुने स्पोर्ट्स शूज. केंद्रात येण्याआधी वीस-बावीस वर्षं त्यांनी पेठ तालुक्यात शाळेत शिकवलेलं. त्यामुळे आवाज असा, की त्या आतल्या खोलीत "बोला" म्हणाल्या की खालच्या पिठाच्या गिरणीतलं माणूसही बोलायला लागे. गिरणीमुळे आमच्या जिन्यावर कायम पिठाचा थर असायचा. आमच्याकडे येणारं प्रत्येक दुःख थोडं पांढरं होऊनच वर येई.

मी हे सगळं लिहितो आहे खरा, पण इथे आलेल्या माणसांची नावं मी बदलली आहेत आणि खाणाखुणाही. नाहीतर मॅडम सोडतील का मला?

त्यांची एक पद्धत होती. ती त्यांनी कुठल्या पुस्तकातून घेतली की स्वतःच काढली, देव जाणे. आमच्यापैकी कोणी बैठक संपवून बाहेर आलं, की त्या विचारायच्या, "आज कोण आलं होतं?"

पहिल्यांदा मला हा प्रश्न आला तेव्हा मी शहाण्यासारखं फाइलवरचं नाव वाचून दाखवलं. एका मुलाचे वडील आले होते. मुलाने इंजिनिअरिंग सोडून केक करायला शिकायचं ठरवलं होतं आणि वडील त्याच्याशी बोलत नव्हते. मी त्या वडिलांना अर्ध्या तासात असा काही गार करून पाठवला होता, की माझं मलाच कौतुक वाटत होतं.

"ते मला माहीत आहे," मॅडम म्हणाल्या. "खुर्चीत कोण बसलं होतं ते नाही विचारलं. तुमच्या आत कोण आलं होतं?"

मी बराच वेळ छताकडे बघितलं. मग माझ्या तोंडून आपोआप निघालं, "मेहुणे. बायकोचे थोरले भाऊ. असेच पाय हलवत बोलतात. माझ्या नोकरीबद्दल."

"हां. मग मेहुण्यांना चहा पाजा आणि घरी पाठवा. त्या बाप्याला परवा परत बोलवा. एकट्याला."

परवा तो बाप्या एकटा आला. पाय तेव्हाही हलवत होता. पण या वेळी मला दिसलं, की तो घाबरलेला आहे.

या पद्धतीचा एक तोटा झाला. आम्हाला एकमेकांचे सगळे नातेवाईक पाठ झाले. तेजश्रीची तोंडावर गोड बोलणारी काकू, मॅडमचे पेठचे मुख्याध्यापक, मॅडमच्या चुलत सासूबाई, सगळी मंडळी आमच्या केंद्रात रोज हजेरी लावत. एकदा माझे मेहुणे खरोखरच आले, मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला. मी बैठकीत होतो. दाराशी तेजश्री. "मी निकमांचा मेहुणा," ते म्हणाले. तेजश्रीच्या चेहऱ्यावर ओळखीचं हसू पसरलं आणि ती म्हणाली, "अय्या, ते पाय हलवणारे!" लग्नाला मी गेलो, पण मला जेवायला कोणी आग्रह केला नाही.

मॅडमचं काम कसं चालायचं ते बघायचं तर गंगापूर रोडवरच्या एका निवृत्त साहेबांची गोष्ट सांगायला हवी. साहेब मोठ्या हुद्द्यावरून उतरलेले. तक्रार एकच. बायको बोलत नाही. चाळीस वर्षांचा संसार, आणि दिवाळीपासून एक शब्द नाही. ताट वाढते, कपडे काढून ठेवते, पण तोंड बंद.

दार अर्धवट उघडं होतं, म्हणून पुढचं मला ऐकू आलं.

"गांगुर्डे म्हणजे," साहेबांनी चष्मा पुसत विचारलं, "तुम्ही नेमक्या कोणापैकी?"

"आम्ही बौद्ध."

"अच्छा, अच्छा. नाही, माझं तसं काही नाही हां. फक्त आमच्या घरातल्या रीतीभाती, वळण... तुम्हाला ते कितपत समजेल असं वाटलं."

मग मॅडमचा अगदी सपाट आवाज. "दोन मिनिटं बसा. आलेच."

त्या बाहेर आल्या. टेबलावर त्या दिवशीची मेथी होती. उभ्या उभ्याच त्यांनी ती जुडी अशी काही सोडवली की विचारू नका. पानं, देठ, मुळं, माती, काही भेदाभेद ठेवला नाही. मग हात पुसले, पदर नीट केला आणि आत गेल्या.

"तुमची शंका रास्त आहे," त्या म्हणाल्या. "जे समजणार नाही ते मी विचारीन. आता सांगा, वहिनी शेवटचं काय बोलल्या होत्या?"

साहेबांना आठवेना. चाळीस वर्षांच्या बायकोचं शेवटचं वाक्य त्यांना आठवेना. तिथून काम सुरू झालं. साहेब पुढे सात वेळा आले. सातव्या वेळी ते जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढत आले, पँट पांढरी झालेली, आणि दारातूनच ओरडले, "मॅडम! बोलली!"

"काय म्हणाल्या?"

"'पंखा बंद करा' म्हणाली."

"मग? केलात का बंद?"

"ताबडतोब!"

"झालं तर. लागला संसार मार्गी."

ते गेल्यावर मी मॅडमना विचारलं, "तुम्हाला त्या पहिल्या दिवशी राग नाही आला?"

"आला की. अजून आहे. कुठे जातोय?" त्या मटार सोलत होत्या. "पण तो माझा राग आहे. मी सांभाळीन. त्याच्या बायकोच्या अबोल्यात त्याचं काय काम?"

त्या पहिल्या दिवशीची मेथी आमच्या घरी आली होती. पिशवीत अर्धी मुळंच. बायको म्हणाली, "आज कुणावर चिडल्या होत्या हो?"

आता सागरची गोष्ट. ही सांगायला मला थोडं धैर्य लागतं, कारण हिच्यात मॅडम चुकल्या.

सागर अंबडच्या एका कारखान्यात वेल्डर. चौतिशीचा, देखणा, बोलका. दारू प्यायचा. त्याची बायको मनीषा एका मेडिकल दुकानात काउंटरवर उभी राहायची. सहा वर्षांच्या मुलीला घेऊन ती चार महिन्यांपासून भावाकडे राहत होती, आणि भावाच्या घरात आता भांडी जरा जोरात आपटायला लागली होती. परत जायचं की वेगळी खोली घ्यायची, एवढंच तिला ठरवायचं होतं. "मॅडम म्हणतील तसं," ती म्हणायची. आणि मॅडम दर मंगळवारी सागरला एकट्याला भेटून तो किती सुधारला ते बघत होत्या.

सागर आला की केंद्र उजळायचं, हे कबूल केलं पाहिजे. "काय सर, आज मिशी ट्रिम केली का? वहिनींनी परवानगी दिली?" म्हणत तो वर यायचा. चूक कबूल करण्यात तर त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. "मॅडम, मी नालायकच आहे, पण नालायकातला पहिल्या नंबरचा," असं म्हणायचा आणि आतून मॅडमचं हसणं ऐकू यायचं. मॅडम बैठकीत हसत नसत. पन्नास मिनिटं झाली की घड्याळाकडे न बघता उठणाऱ्या मॅडम त्याच्यासोबत दीड-दीड तास बसायला लागल्या. त्याला स्वतःच्या हाताने चहा देऊ लागल्या.

मला आधी काही खटकलं नाही. खटकली ती भाजी. मंगळवारी सागर गेला की मॅडम बाहेर यायच्या, खुर्चीत टेकायच्या, गुणगुणायच्या. मेथीची जुडी दोऱ्यात बांधलेली तशीच पडून. ओळीने तीन मंगळवार आमच्या घरी न निवडलेली मेथी गेली.

तिसऱ्या मंगळवारी मॅडम म्हणाल्या, "पोरगा मनाचा वाईट नाही."

तेजश्रीने माझ्याकडे बघितलं. हेच वाक्य तिने एकदा एका नवऱ्याबद्दल उच्चारलं होतं, तेव्हा मॅडमनी तिला वर्गात उभं करावं तसं उभं केलं होतं. "मन तपासायला आपण बसलोय का? हातांनी काय करतो ते सांग. पायांनी कुठे जातो ते सांग."

आणि चौथ्या मंगळवारी सागर मला जिन्यात भेटला. सकाळचे अकरा. तो वर येत होता, मी खाली उतरत होतो. तोंडात बडीशेप मूठभर, आणि बडीशेपेच्या मागून तो दुसरा वास. डबा उघडायच्या आधी कुणाच्या डब्यात काय आहे ते सांगणाऱ्या मॅडम त्याच्यासमोर दीड तास बसल्या. बाहेर आल्या त्या हसतच. म्हणाल्या, "मनीषाला सांगितलंय मी मागच्या वेळी, जाऊन बघ म्हणून. रविवारी जातेय ती. शुक्रवारी शेवटचं भेटायला येईल."

मी आणि तेजश्री गॅलरीत गेलो.

"सर, तुम्ही सांगा."

"मी का? तू सांग. तू लाडकी आहेस."

"म्हणूनच नाही सांगणार. तुम्ही नाटकात कामं करता ना? करा की एंट्री."

रात्री आरशासमोर मी तीन वेगवेगळ्या सुरांत वाक्यं म्हणून बघितली. नम्र सूर, सहज सूर आणि एक विनोदी सूर. बुधवारी सकाळी मॅडमसमोर उभा राहिलो तेव्हा तिन्ही सूर गायब. तोंडून एवढंच आलं, "मॅडम, काल कोण आलं होतं?"

"कोण म्हणजे? सागर."

"ते मला माहीत आहे."

मॅडमनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. हे बघणं पेठच्या किती पोरांनी सोसलं असेल, असा विचार माझ्या मनात आला. मग त्यांनी हात पुढे करून मेथीची जुडी घेतली. दोरा सोडला. एक काडी हातात धरली आणि तशाच बसून राहिल्या.

"विजू," त्या म्हणाल्या.

या नातेवाइकाची आमच्या केंद्रात कधी हजेरी लागली नव्हती.

"माझा धाकटा भाऊ. चूक केली की आधी हसवायचा. मग जवळ जाऊन कोण रागावणार?" काडी त्यांनी खाली ठेवली. "लिव्हर गेलं त्याचं. त्याची बायको तीनदा माहेरी गेली होती, निकम. तिन्ही वेळा मी स्वतः जाऊन तिला समजावून परत आणली. तेव्हा मी समुपदेशक नव्हते, नणंद होते. आणि आता..." त्यांनी बोटं मोजल्यासारखी केली. "ही चौथी."

मी खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसलो.

"वास येत होता का त्याला?"

"काल येत होता. बडीशेप खाल्ली होती, तरी."

"मला नाही आला."

"हो."

"राग आला की मी सावध होते. रडू आलं तरी सावध होते. पण हे..." त्यांनी सुटा दोरा बोटाला गुंडाळला. "माया आली तर सावध व्हायचं, हे माझ्या डोक्यातच नाही आलं. बरं वाटत होतं ना मला."

त्या दिवशी त्यांनी कांदा चिरला नाही. तशाच बसून रडल्या. कारण माहीत होतं, म्हणून आम्हीही विचारलं नाही.

शुक्रवारी मनीषा आली. मुलीसाठी नवीन दप्तर घेऊन आली होती, रविवारी शाळेच्या वस्तूंसकट सगळं न्यायचं म्हणून. मॅडमनी मला आणि तेजश्रीलाही आत बसवलं.

"मनीषा, मी तुला 'जाऊन बघ' म्हटलं होतं. ते चुकीचं होतं," मॅडम म्हणाल्या. "मला तुझ्या नवऱ्यात माझा भाऊ दिसत होता. तो आता नाही. त्याला वाचवायच्या नादात मी तुला पाठवत होते. सागर अजून पितो. मंगळवारी इथे पिऊन आला होता. मला कळलं नाही."

मनीषा दप्तराची चेन उघडत आणि लावत बसली. मग म्हणाली, "मलाही वास आला होता, मॅडम. मागच्या महिन्यात मुलीला भेटायला आला तेव्हा. पण तुम्ही म्हणत होता सुधारतोय. मला वाटलं, माझंच नाक चुकतंय."

मॅडमचा चेहरा मी त्याआधी आणि त्यानंतर तसा कधी बघितला नाही.

"तुझं नाक बरोबर होतं," त्या म्हणाल्या. "इथून पुढे माझ्यासकट कुणीही काही सांगितलं तरी नाकाचंच ऐक."

"मग आता मी काय करू?"

"ते मी नाही सांगणार. मी यातून बाजूला होतेय. तुझ्यासोबत तेजश्री बसेल. सागरला निकम भेटतील."

"म्हणजे?" मनीषाचा आवाज चढला. "चूक तुम्ही करायची, आणि मी सगळं परत पहिल्यापासून सांगायचं? लग्नापासून?"

"हो."

"असं कसं हो, मॅडम?"

"राग येतोय ना?"

"येतोय!"

"येऊ दे. मी इथेच बसलेय. बोल."

आणि मनीषा बोलली. वीस मिनिटं. मॅडमनी एकदाही 'पण' म्हटलं नाही. भावाच्या घरातली भांडी, मुलीचं रात्री दचकून उठणं, आणि सुरुवातीला दोघांना एकाच दिवशी बोलवायच्या तेव्हा मॅडमच्या खोलीतून सागरचा हसण्याचा आवाज ऐकत बाहेरच्या बाकावर वाट बघत बसणं, सगळं बाहेर आलं. बोलून झाल्यावर तिने दप्तर उचललं आणि तेजश्रीला म्हणाली, "चला, कुठे बसायचं आपण?"

रविवारी ती गेली नाही. दोन महिन्यांनी दुकानाजवळ तिने एक खोली घेतली.

सागरला मी मिळालो तेव्हा त्याचा चेहरा पडला. "सर, तुम्ही चांगले आहात, पण मॅडमना बोलवा ना." मॅडम आल्या नाहीत. तो यायचा त्या वेळी त्या वर गच्चीवर जाऊन बसायच्या. "मला बघितलं की तो विनोद करणार," त्या म्हणाल्या, "आणि मी विरघळणार. दोघांनाही सवय आहे." मी त्याचे विनोद न हसता ऐकले. सोपं नव्हतं, त्यातले काही फारच चांगले होते. तिसऱ्या बैठकीला त्याचे विनोद संपले. तेव्हा कुठे तो म्हणाला, "सर, हात थरथरतात. वेल्डिंगची लाइन सरळ येत नाही." दुसऱ्या आठवड्यात तो व्यसनमुक्ती केंद्रात दाखल झाला. मधे एकदा पळून आला, परत गेला. बाहेर आल्यावर महिन्यामागून महिने कोरडे काढले. मनीषा त्याला रविवारी मुलीला भेटू द्यायला लागली, दोन तास, तिच्या खोलीवर, दार उघडं ठेवून. पुढचं काय ते तिने ठरवलेलं नव्हतं, आणि तिला कोणी घाई करत नव्हतं.

मॅडमनी केंद्र सोडलं तेव्हा त्यांचं आपल्या मुलीकडे कायमच्या राहायला जायचं ठरलं होतं. शेवटच्या दिवशी सागर माझ्याकडे यायचा होता. मॅडम पाचला आवरून निघाल्या, जिना उतरल्या. मी त्यांना निरोप द्यायला गॅलरीत उभा होतो, तेव्हाच सागरची बाईक गल्लीत वळली. कितीतरी महिन्यांनी ते दोघं समोरासमोर आले.

वरून मला शब्द ऐकू येत नव्हते, गिरणी चालू होती. सागर गाडीवरून उतरला, वाकला, पायाला हात लावला. काहीतरी बोलला, बहुतेक विनोदच असणार, कारण बोलून झाल्यावर तो स्वतःच हसला. मॅडमचे खांदेही हलले. हसल्या त्या, मी शपथेवर सांगतो. मग त्याने मागची सीट हाताने झटकली आणि बसा अशी खूण केली. मॅडमनी मान हलवली. नाही. त्याने पुन्हा सीट झटकली. पुन्हा नाही. त्यांनी गाडीच्या आरशाला अडकवलेल्या हेल्मेटकडे बोट दाखवलं. तो माझ्या गॅलरीकडे हात करून सांगत असणार, की इथेच तर यायचं होतं, आता कशाला. मॅडम बोट खाली घेईनात. शेवटी त्याने हेल्मेट उतरवलं, डोक्यात घातलं, हनुवटीखाली पट्टा लावला आणि भर गल्लीत, उभ्या गाडीशेजारी, वर्गातल्या पोरासारखा उभा राहिला. मॅडमनी हात वर करून तो पट्टा एकदा ओढून बघितला. बसला होता नीट. मग त्या वळल्या आणि बस स्टॉपच्या दिशेने चालू लागल्या, पिठाने पांढरे झालेले बूट झटकत, आणि कोपऱ्यापर्यंत एकदाही मागे वळल्या नाहीत.